अपघाताचे कारण कोणते समजावे?

मुळशी तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे घर मोठे. मामंजी, सासूबाई, दोन दीर, जावा, मुलेबाळे असे सारे एका छपराखाली नांदणारे. थोरले चिरंजीव हिंजवडीच्या एका कचेरीत कामास असून महिन्यातून एकदोन वेळा त्यांस लोहगावहून विमानाने परगावी जावे लागते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस जो भीषण अपघात झाला, त्या दिवसापासून ह्या घरात विमानप्रवासाचा विषय निघाला की वाद होतो. मामंजी म्हणतात, ‘दोष वैमानिकाचा.’ धाकटे भाऊजी म्हणतात, ‘यंत्रच सदोष असले पाहिजे.’ सासूबाई म्हणतात, ‘वेळ आली होती, दुसरे काय!’ आणि मुलगा परगावी पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत त्या देव पाण्यात ठेवून बसतात. ‘ह्या तिघांपैकी खरे कोणाचे मानावे, आणि मुलास प्रवास करू द्यावा की नाही?’ असा ह्या भगिनींचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी तो आज पुष्कळ घरांचा आहे, म्हणून त्याचा विचार ह्या सदरात करण्याचे आम्ही योजिले आहे. अहमदाबादच्या अपघाताविषयी मात्र येथे काही लिहिण्याचे आम्ही टाळतो. ज्या अपघातांची चौकशी पुरी होऊन निर्णय प्रसिद्ध झाला आहे, त्यांच्यापासूनच धडा घेणे न्याय्य होय. असे अपघात आपल्या महाराष्ट्रातही घडलेले आहेत, आणि त्यांपैकी एक तर इतका बोधप्रद आहे की वरील तिन्ही मतांची परीक्षा त्या एकाच उदाहरणावर घेता येईल.

तो दिवस सोमवार, २६ एप्रिल १९९३ चा. दिल्लीहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान जयपूर, उदयपूर करीत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आले होते आणि तेथून मुंबईस निघाले होते. दुपारी एकचा सुमार होता. विमानात ११२ उतारू आणि ६ कर्मचारी होते. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून विमान धावू लागले. परंतु त्याची चाके जमीन सोडीपर्यंत धावपट्टी जवळजवळ संपून गेली. धावपट्टीच्या टोकापलीकडे सुमारे ४१० फुटांवर एक सार्वजनिक रस्ता आडवा जात असे. त्या क्षणी त्या रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेली एक मालमोटार चालली होती. विमानाच्या डाव्या बाजूची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या मालमोटारीवर, रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर, आदळला. जखमी झालेले विमान तसेच पुढे गेले, आणि सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून शेतात कोसळले. ११८ जणांपैकी ५५ जणांचा अंत झाला. ६३ जण वाचले.

आता ह्याचे कारण काय? कोणीही प्रथम म्हणेल, मालमोटार. ती नसती तर विमान निसटते उडाले असते, हे खरेच आहे. परंतु विचार करावयाचा तो येथूनच.

विमान जमिनीवरून उठते कसे, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे. पंखांवरून वारा पुरेशा वेगाने वाहू लागला म्हणजे पंखांस उचल मिळते. किती वेग पुरेसा, हे विमानाच्या वजनावर व हवेच्या दाटपणावर ठरते. हवा तापली की ती विरळ होते. पंधरा अंश उष्णतेच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा सुमारे आठ टक्क्यांनी विरळ असते. त्यात संभाजीनगरचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे फूट उंचीवर. त्या उंचीमुळे हवा आणखी पाच-सहा टक्क्यांनी विरळ. विरळ हवेत पंखांस उचल कमी आणि इंजिनासही जोर कमी. म्हणून धाव अधिक लांब घ्यावी लागते. मराठवाड्यात एप्रिलअखेरच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असणे हे नित्याचेच. अर्थात ही गोष्ट कोणापासून लपलेली नसते. वजन, उष्णता, वारा आणि धावपट्टीची लांबी ह्यांची कोष्टके वैमानिकांपाशी असतात, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी त्यांवरून हिशेब करावयाचा असतो.

ह्या हिशेबातून जे आकडे निघतात, त्यांपैकी दोन सामान्य वाचकानेही ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला निर्णयाचा वेग. तेथपर्यंत काही बिघाड दिसला तर विमान थांबविता येते. तो ओलांडल्यावर थांबू म्हटले तर धावपट्टी पुरत नाही, उडालेच पाहिजे. दुसरा नाक उचलण्याचा वेग. तो आला की वैमानिकाने विमानाचे नाक ठराविक गतीने, साधारणपणे दर सेकंदास दोन ते तीन अंश, वर घ्यावयाचे असते. फार हळू घेतले तर धावपट्टी व्यर्थ जाते. फार झटक्याने घेतले तर शेपटी जमिनीस घासण्याचे भय.

औरंगाबादच्या अपघाताची चौकशी झाली तेव्हा निर्णय असा झाला की, वैमानिकांनी नाक उचलण्यास विलंब केला आणि उचलण्याची रीतही चुकली. वाचकांनी आमच्याबरोबर थोडे गणित करून पाहावे. असे भरलेले विमान उडण्याच्या वेळी ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने धावत असते, म्हणजे एका सेकंदात सुमारे २३५ फूट. धावपट्टीचे टोक आणि तो रस्ता ह्यांतील ४१० फुटांचे अंतर ह्या वेगाने तोडण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. दोन सेकंद म्हणजे ‘श्रीराम जयराम’ म्हणण्याइतका वेळ. तेवढ्या विलंबाने काय होऊ शकते, ते ह्या हिशेबावरून कळून येईल.

येथे मामंजी म्हणतील, ‘पाहा, आम्ही म्हणत होतो तेच ठरले!’ परंतु निर्णय येथेच संपत नाही. त्याच निर्णयात दुसरे कारणही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले आहे. विमानांच्या ये-जा करण्याच्या वेळी त्या बीड रस्त्यावरील वाहतूक रोखून धरण्याची व्यवस्था राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. (हे प्राधिकरण १९९५ मध्ये आजच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले.)

ह्या दुसऱ्या कारणाचे महत्त्व आमच्या मते पहिल्याहून यत्किंचितही कमी नाही. विमान त्याच क्षणी यावे आणि मालमोटारही त्याच क्षणी यावी, ह्यास आपण सहज ‘कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडली’ असे म्हणून मोकळे होतो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार धावपट्टीच्या रुंदीइतके अंतर चार सेकंदांत ओलांडते. तेव्हा ही गाठ विरळा, हे कबूल. परंतु ज्या रस्त्यावरून दिवसभर मालमोटारी जातात आणि ज्याच्यावरून रोज विमाने उडतात, तेथे ही गाठ आज ना उद्या पडावयाचीच होती. आपल्याकडे आगगाडीचा रूळ रस्त्यास छेदतो तेथे फाटक असते आणि फाटकावर माणूस असतो. गाडी आणि बैलगाडी एका क्षणी येणे हे विरळाच आहे, असे म्हणून कोणी फाटक उघडे टाकीत नाही. जिब्राल्टर येथे तर शहराचा मुख्य रस्ताच कित्येक वर्षे धावपट्टीस मधोमध छेदून जात असे. परंतु प्रत्येक विमानाच्या वेळी अडसर पाडून वाहने थांबवीत, आणि २०२३ मध्ये भुयारी मार्ग खुला झाल्यावर वाहनांचा मुख्य ओघ तिकडे वळविण्यात आला. जी गोष्ट एका साध्या फाटकाने टळण्याजोगी असते, तिला दैव म्हणणे म्हणजे दैवावर आपल्या आळसाचे ओझे लादणे होय. सासूबाईंच्या श्रद्धेचा आम्हांस आदर आहे. घरचे माणूस वाटेत असता देवाचे स्मरण करावे, ह्यात कोणाचे काय जाते? परंतु ‘वेळ आली होती’ हे वाक्य शोकाकुल घराने मनास धीर देण्यासाठी उच्चारावे. ज्यांच्याकडे फाटकाचे काम होते त्यांनी ते उच्चारू नये.

आता धाकट्या भाऊजींचे मत घेऊ. यंत्राचा दोष हेही खरे कारण असू शकते, आणि त्याचेही उदाहरण दूर शोधावयास नको. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान मुंबईहून मद्रासेस निघाले. उडाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या एका इंजिनातील फिरती चकती फुटली. वारंवार ताण पडून धातू आतल्या आत थकतो आणि त्यास डोळ्यांस न दिसणारी चीर पडते. तशी चीर त्या चकतीस पडली होती. तुकड्यांनी इंधनाची नळी फोडली आणि आग लागली. वैमानिकाने विमान परत फिरविले, ते विमानतळापाशी पोहोचलेही. परंतु तोवर नियंत्रणाची साधने ज्या तेलाच्या दाबावर चालतात ते तेलच आगीत नष्ट झाले होते. धावपट्टी समोर असता विमान कोसळले, आणि त्यातील ९५ जणांपैकी एकही वाचला नाही. येथे वैमानिकास दोष देणारा मनुष्य अन्यायच करील.

ह्याच्या उलट २२ जून १९८२ चा सहार येथील अपघात. क्वालालंपूरहून मद्रासमार्गे आलेले एअर इंडियाचे ‘गौरीशंकर’ नावाचे बोइंग ७०७ रात्रीच्या मुसळधार पावसात उतरत होते. विमान धडधाकट होते. परंतु आपण किती उंचीवर आहो ह्याचे भान सुटून जमिनीस टेकण्याच्या बारा सेकंद आधी इंजिनांचा जोर कमी करण्यात आला, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच फार जोराने आपटले. १११ जणांपैकी १७ जण दगावले. मृगाचा पाऊस मुंबईस नवा नाही. पाऊस हे येथे कारण खरे, पण तो एकटा काही करू शकला नसता.

तात्पर्य, तिघांपैकी कोणाचेही मत सर्वस्वी खोटे नाही आणि कोणाचेही पुरे नाही. ज्या घरांत तर्कसंग्रह एके काळी मुलांस शिकविला जाई, त्या घरांस ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. घट होण्यास मृत्तिका लागते, दंड लागतो, चक्र लागते आणि कुंभार लागतो. ह्यांपैकी एकच कारण मानून भागत नाही. उलटपक्षी, ज्या गाढवाने ती माती वाहून आणली ते घटापूर्वी हजर असले तरी नैयायिक त्यास कारणांत मोजीत नाहीत. त्यास अन्यथासिद्ध म्हणून बाजूस ठेवितात. अपघात घडला की पहिल्या चार दिवसांत जी चर्चा चालते, तीत बहुधा ह्या गाढवालाच मखरात बसविलेले असते. विमानाचा क्रमांक अशुभ होता, दिवस अमुक होता, वैमानिकाने निघताना अमुक म्हटले होते. खरी कारणे मागाहून, सावकाश, पुराव्यानिशी बाहेर येतात.

तो पुरावा देणारी दोन साधने विमानात असतात. एकात कक्षातील संभाषण व इतर ध्वनी नोंदले जातात, दुसऱ्यात वेग, उंची, दिशा, इंजिनांची स्थिती इत्यादी गोष्टींची अखंड नोंद होत असते. त्यांस लोक ‘काळी पेटी’ म्हणतात, तरी अवशेषांत चटकन दिसावी म्हणून तिचा रंग भडक नारिंगी ठेवितात. १९४४ च्या शिकागो येथील करारास जोडलेले एक परिशिष्ट सर्व राष्ट्रांस सांगते की, अशा चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे एवढाच असावा. दोष किंवा शिक्षा वाटणे हा नसावा. आपल्या देशात ह्या कामासाठी स्वतंत्र विभाग २०१२ मध्ये स्थापन झाला. ‘दोष कोणाचा?’ असे विचारले की माणसे तोंड मिटतात, आणि ‘काय घडले?’ असे विचारले की ती बोलू लागतात. हा अनुभव विमानविद्येइतकाच गृहस्थाश्रमासही लागू आहे.

ह्यावरून आम्ही अशा एका कारणाकडे येतो, की जे यंत्रांत नसते, हवेत नसते, आणि ज्याची ओळख आमच्या एकत्र कुटुंबांस इतरांहून अधिक असावयास हवी. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांस घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोड येथे उतरत होते. मुख्य वैमानिक दीपक साठे हे मराठी गृहस्थ. मुळशीहून फार दूर नसलेल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले, वायुदलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, आणि अनुभवाने थोर. कोळिकोडचे विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेले आहे. धावपट्टीच्या टोकापलीकडे दरी. पाऊस कोसळत होता. उतरण्याचा पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा असता विमान खाली आले, आणि सुमारे ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट ओलांडल्यावर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर, टेकले. पुढे ते थांबू शकले नाही. टोकावरून शंभरावर फूट खाली कोसळून त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्यू पावले.

चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे नमूद आहे की, विमान नीट स्थिर झालेले नसताही उतरण्याचा प्रयत्न चालू ठेविला गेला. धाकट्या सहवैमानिकाने ‘परत वर चला’ अशी सूचना दिली होती. नियमाप्रमाणे ती मानणे आवश्यक होते. ती मानली गेली नाही, आणि सहवैमानिकानेही नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. व्यवस्थेचे दोषही अहवालाने दाखविले आहेत. मुख्य वैमानिकाच्या बाजूचा काच पुसणारा दांडा पावसात चालेनासा झाला होता. त्या स्थानकावर अनुभवी मुख्य वैमानिकांची संख्या अपुरी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही ह्याच वैमानिकांकडे होते. तेथेच उतरण्याचा आग्रह ह्यातून धरला गेला असावा, असे अहवाल सुचवितो. कर्तव्यनिष्ठ मनुष्यास नेमका कर्तव्याचाच मोह पडतो, ही गोष्ट किती करुण आहे! ह्या गृहस्थांच्या स्मृतीविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे, आणि अहवाल उद्धृत करण्यात त्यांस उणे आणण्याचा हेतू नाही.

दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० रोजी, मंगळूर येथे हेच घडले होते. तेथेही विमान फार पुढे टेकले, तेथेही पुढे दरी होती, तेथेही सहवैमानिकाने परत वर जाण्याविषयी एकाहून अधिक वेळा सांगितले होते. १५८ जणांचे प्राण गेले. आणि जगातील सर्वांत मोठा विमान अपघात, २७ मार्च १९७७ चा टेनेरीफ बेटावरील, ज्यात दोन प्रचंड विमाने धुक्यात धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ जण ठार झाले, त्यातही धावणाऱ्या विमानातील धाकट्या अधिकाऱ्याने ‘समोरचे विमान अद्याप बाजूस झालेले नाही काय?’ अशी शंका काढली होती. नामांकित मुख्य वैमानिकाने ती ठासून फेटाळली, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

टेनेरीफसारख्या अपघातांनंतर जगभरच्या विमानकंपन्यांनी एक नवे शिक्षण सुरू केले. त्यात यंत्राविषयी काही नसते. थोरल्याशी धाकट्याने कसे बोलावे आणि धाकट्याचे थोरल्याने कसे ऐकावे, एवढेच असते. धाकट्याने संकोचाने पुटपुटू नये, स्पष्ट सांगावे. ऐकले नाही तर पुन्हा सांगावे. आणि तरीही ऐकले नाही तर नियंत्रण हाती घ्यावे. थोरल्याने तो अपमान मानू नये. उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यात लाज नाही, किंबहुना तेच शहाणपण, असे तेथे पुन्हा पुन्हा बिंबविले जाते. आमच्या घरांत वडील माणसांपुढे न बोलणे हा विनय समजला जातो, आणि तो गुण आम्हांसही प्रिय आहे. परंतु जेथे प्राणांशी गाठ आहे तेथे मौन हा विनय नव्हे. घरातील कर्त्या पुरुषाचे छातीतील दुखणे, सुनेच्या ध्यानात आधी येऊनही ‘मी कशी सांगू?’ म्हणून दोन दिवस तसेच राहिले, अशी उदाहरणे कोणत्या मोठ्या घरात घडली नसतील?

प्रसंगावधानाने अपघात टळल्याचेही एक उदाहरण सांगितले पाहिजे, आणि ते तर पुण्याचेच आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी लोहगावहून दिल्लीस निघालेले एअर इंडियाचे एअरबस विमान धावपट्टीवर ताशी दोनशेंहून अधिक किलोमीटर वेगाने धावत असता वैमानिकास समोर एक जीप आणि एक मनुष्य दिसला. त्याने विमानाचे नाक नेहमीपेक्षा लवकर उचलले. विमानाच्या मागील भागास खालून घासल्याच्या खुणा झाल्या, परंतु उतारू दिल्लीस सुखरूप पोहोचले. औरंगाबादेस नाक उशिरा उचलले गेले, पुण्यास नाइलाजाने लवकर उचलावे लागले. दोन्ही ठिकाणी धावपट्टीच्या वाटेत जे नको ते येऊन उभे होते. औरंगाबादच्या ५५ मृत्यूंनंतर सत्तावीस वर्षांनीही धावपट्टीची वाट मोकळी राखण्याचा धडा गिरवावाच लागत आहे.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी. मुलास प्रवास करू द्यावा का? आमचे उत्तर, निःशंकपणे करू द्यावा. मुळशीहून लोहगावपर्यंतचा रस्ता हाच बहुधा त्याच्या प्रवासातील अधिक धोक्याचा भाग असतो. मात्र विमानात बसल्यावर त्याने काही गोष्टी पाळाव्यात. सेविका सूचना देत असता वर्तमानपत्रात किंवा भ्रमणध्वनीत तोंड खुपसून बसू नये. आपल्या जागेपासून बाहेर पडण्याचे दार किती रांगा पुढे व किती मागे आहे, हे मोजून ठेवावे; धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत, हाताने रांगा मोजीत जावे लागते. पट्टा बांधलेला असावा. आणि बाहेर पडण्याची आज्ञा झाली तर वरची पिशवी काढण्याचा मोह धरू नये, मग तीत आईने दिलेले लाडू असोत की कचेरीचा संगणक असो. विमान बांधणाऱ्यांस हे सिद्ध करून दाखवावे लागते की निम्मीच दारे उघडी असली तरी भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे होते. परंतु त्या हिशेबात सामानासाठी थांबणारे धरलेले नसतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपानी विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळून पेटले. लहान विमानातील पाच जण गेले; परंतु पेटलेल्या मोठ्या विमानातील ३७९ जण सर्वच्या सर्व जिवंत बाहेर पडले, कारण त्यांनी सामान टाकून, सेविकांचे ऐकून, रांगेने दार गाठले.

आणि विमानात कधीही पाऊल न टाकणाऱ्यांसही ह्यातून घेण्यासारखे आहे. धावपट्टीच्या आसपास कचरा टाकला की घारी जमतात आणि त्या इंजिनांत शिरतात. कुंपण फोडून पायवाट पाडली की एखादे दिवशी कोणी तरी विमानाच्या वाटेत येतो. विमानतळाशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ह्या फाटकाची एक दोरी आहे. पावसाळ्यात ताम्हिणीच्या घाटाने कोकणात उतरणारी कुटुंबे पुष्कळ. भरलेल्या गाडीत मागे बसलेल्या धाकट्या वहिनीस जर चालविणाऱ्याचे डोळे जड झालेले दिसले, तर तिने ‘भाऊजी, जरा थांबू या’ असे स्पष्ट म्हणावे; आणि भाऊजींनीही घरी पोहोचण्याच्या घाईत ते हसण्यावारी न नेता गाडी कडेस घेऊन घोटभर चहा घ्यावा. घरचे जेवण अर्धा तास उशिरा झाले तरी चालते.